गाडीला लिंबू, घराला दूध

मोटरहोम घेऊन पहिल्यांदाच निघणाऱ्याने काय काय टाळावं, हे विचारायला हल्ली लोक आमच्याकडे पेणला येतात. आमचे हे लगेच खुर्ची पुढे ओढतात आणि टायरमधली हवा, बॅटरी, पाण्याची टाकी असं सुरू करतात. मी चहा घेऊन बाहेर येते आणि विचारते, "ते राहू दे. तुमच्या वाटेवर नातेवाईक किती आहेत?" लोक हसतात. हसू देत. आमची पहिली सफर पेणहून गोव्याला म्हणून निघाली होती आणि खांबवरूनच मागे वळली. खांब म्हणजे कोलाडच्या अलीकडे, हायवेवरच. एवढ्या अंतरावर तर लोक लग्नाला जाऊन जेवून परत येतात.

पेणला आमचं एकत्र घर आहे. थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं-सुना आणि आम्ही दोघं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर जाऊबाईंच्या हातात होतं, आणि अजूनही आहे. बाई वाईट नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून होती, पेज भरवत होती. पण स्वयंपाकघरात तिचंच चालतं. नवी असताना मी एकदा मिठाची बरणी सोयीची म्हणून ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी ती डावीकडे होती. कोणी काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. मी दुसऱ्या दिवशी परत उजवीकडे ठेवली, ती परत डावीकडे गेली. मग मी नाद सोडला. चहात साखर किती, आमटीत गूळ किती, फडकं कुठल्या खिळ्याला, सगळं जाऊबाई ठरवणार. माझे केस पांढरे झाले तरी मी डबा उघडण्याआधी विचारत होते, "जाऊबाई, खोबरं कुठल्या डब्यात आहे?"

आता गाडीबद्दल. आमचे हे रोह्याच्या एका कंपनीत होते. पेणहून कंपनीची शिफ्टची मिनीबस जायची. ही नोकरी त्यांनी मन लावून केली असेल, मला माहीत नाही, पण त्या बसमध्ये ते मन लावून झोपले एवढं नक्की. जाताना झोप, येताना झोप. डोळे मिटून, नुसत्या हिसक्यांवरून सांगायचे, आता नागोठणं आलं, आता पूल आला. रिटायर झाले त्याच सुमारास ती बस मोडीत निघाली, आणि हे ती घेऊन घरी आले.

"एवढी वर्षं जिच्यात झोपलो, तिला भंगारात कशी जाऊ देऊ?" म्हणाले.

मी भडकले. आधीच घरात उभं राहायला जागा नाही, त्यात अंगणात बस. मी बोलत होते आणि हे शांतपणे मागच्या सीटांकडे बोट दाखवत होते. "ह्या काढायच्या. इथं पलंग. इथं संडास. आणि हा इकडं, मागच्या खिडकीखाली, तुझा ओटा."

मी आत चढून ती खिडकी बघून आले. हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलून जिंकले असतील.

सुताराने आतलं लाकूडकाम केलं, परवानगी वगैरे रीतसर झाली. रंगासाठी ह्यांनी हमरापूरचा एक ओळखीचा मूर्तिकार धरला. गणपती होऊन गेले होते, कारखाना रिकामा होता, तो आनंदाने आला. त्याच्याकडे जो रंग होता तो त्याने लावला. माझी सगळी कपाटं गणपतीच्या अंगाच्या गुलाबीसर रंगाची झाली आणि कड्या मुकुटासारख्या सोनेरी. तिखटाचा डबा काढायला कपाट उघडलं की माझा हात आधी नमस्कारासाठी जुळायचा. पण मला ते सगळं फार आवडलं. मिठाची बरणी मी उजव्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी जाऊन पाहिली, तर ती उजवीकडेच होती.

निघायच्या आदल्या दिवशी पूजा झाली. ह्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी तोवर आत नव्या पातेल्यात दूध ठेवलं होतं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात, ते पूर्वेला ओघळलं की शुभ मानतात, ते घालवणार होते. दूध नुसतं कडेला फेसाळायला लागलं होतं, एवढ्यात ओट्याजवळच्या दारात जाऊबाई.

"काय गो, दूध कशाला ठेवलंस?"

"उतू घालवते. घर आहे ना."

"गाडी हाय ती," जाऊबाई म्हणाल्या. "गाडीला लिंबू. दूध घराला." आणि पायरीवरूनच हात लांब करून त्यांनी गॅस बंद केला. "चहाला येल ते. वाया कशाला घालवायचं?"

त्या दुधाचा घरात सगळ्यांना चहा झाला. साखर जाऊबाईंनी घातली. मी हसत हसत कप फिरवले, पण आत जी चिडले ती चिडलेच. मला कोकण बघायचं नव्हतं, गोवा तर नव्हताच नव्हता. मला फक्त एक संध्याकाळ आणि एक सकाळ माझ्या घरात काढायची होती, जिथे चहात किती साखर घालायची हे मी ठरवणार होते. रात्री आतून कडी मी लावणार होते. ती रात्र आमच्या चाकांना मिळते की नाही, एवढाच माझ्यासाठी ह्या सफरीचा प्रश्न होता.

थंडीचे दिवस होते. वालाच्या शेंगा भरलेल्या, हवा मस्त. आम्ही निघालो आणि चुका करायला सुरुवात केली.

पहिली म्हणजे एकदा जवळपास फिरून बघायचं असतं, ते आम्ही केलंच नाही. ह्यांना त्या बसमधून जाण्याचा अनुभव होता, पण सगळा मिटलेल्या डोळ्यांचा. स्टिअरिंगवर बसून उघड्या डोळ्यांनी त्यांना तो रस्ता अनोळखी वाटायला लागला. पहिल्याच गतिरोधकाला माझी सगळी कपाटं एकदम उघडली. हळद, मोड आणलेले वाल आणि नातेवाइकांना द्यायला घेतलेले पोह्याचे पापड, सगळं जमिनीवर एक झालं. नव्याने घेणाऱ्या बायकांना मी सांगते, भारी कुलपं लावू नका, परकराच्या नाड्या घ्या. सोनेरी कड्यांना मी पेणच्या बाहेर पडायच्या आत नाड्या बांधल्या आणि त्या आजतागायत आहेत.

दुसरी चूक पाण्याची. ह्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली होती. वाटेत पाणी मिळेल न मिळेल! आम्ही जात होतो कोलाडकडे, जिथे बारमाही नदी वाहते. पेणचं पाणी नळाला यायची वाट बघत भरायचं आणि ते नदीच्या गावाला नेऊन पोचवायचं, हे आम्हीच करू शकतो. गाडी चढावर अशी कण्हत होती की मला तिची दया आली.

पण ह्या चुका कोणीही करेल. आमची खास चूक म्हणजे आम्ही निघण्याआधी नातेवाइकांना कळवलं.

कळवलं नसतं तर चाललं असतं का? नाही. गावावरून गेलात आणि आत आला नाहीत, हे आमच्याकडे कोणी विसरत नाही. ह्यांची आत्या निडीला राहते. रोह्याच्या अलीकडचं गाव, स्टेशन आहे तिथं. ह्यांचं म्हणणं, नुसता चहा घेऊ, गाडी पुढे नेऊन कुठेतरी झाडाखाली लावू आणि गाडीतच झोपू. आत्याने गाडी आतून पाहिली, पलंग दाबून पाहिला, कपाटांना नमस्कार केला. मग बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आत्याचं घर असताना गाडीत झोपनार? गावात तोंड कसं दाखवू मी? लोक बोलतील, भाच्याला घरात घेतला नाय."

"आत्या, ह्या गाडीत झोपण्यासाठीच ती बनवलीय."

"बनीवलीस त बनीवलीस. झोपायचं घरात."

झालं. आम्हाला आत्याच्या मुलाची खोली दिली, कारण पंखा आणि पलंग तिथेच होता. थंडीत पंखा कशाला, पण पाहुण्याला पंख्याचीच खोली द्यायची असते. मग मुलगा आणि सून कुठे झोपणार? ते आमच्या गाडीत झोपले. मी त्यांच्या खोलीत जागी, आणि ती सून माझ्या पलंगावर, माझी कडी लावून, माझी नवी चादर घेऊन. सकाळी ती डोळे चोळत खाली उतरली आणि म्हणाली, "वयनी, काय झोप लागली गो! लग्न झाल्यापास्ना अशी झोपले नव्हते." तिच्यावर रागावता येईना. तिला काय हवं होतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार? तरी थोडी रागावलेच.

निघताना ओटी भरली. इथे मोठ्या गाडीचा तोटा कळतो. एरवी एसटीने गेलं की पिशवीत मावेल तेवढं देतात. आता दारात बस उभी म्हटल्यावर द्यायचा हात बसच्या मापाने सुटला. तांदळाची गोण, भोपळे, नारळ. आणि आत्याने आतून जातं काढलं. दगडाचं, दोन्ही तळ्या आणि खुंट्यासकट. लहानपणी हे त्याच्याशी खेळायचे म्हणे.

"आत्या, जातं कशाला?" मी रडकुंडीला आले.

"तुला कुठं डोक्यावर न्यायचाय? चाकं हायत ना गाडीला."

खांबला माझं माहेर. मला वाटलं, भाऊ तरी समजून घेईल. तो समजून घ्यायच्या आधीच त्याने रानात पोपटी लावायची तयारी केली होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा कोंबायच्या आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. तो वास आला की मी सगळ्यांना सगळं माफ करते. शेंगा सोलून खाताना मी भावाला हळूच म्हणाले, "आज आम्ही गाडीतच झोपू हं."

भाऊ शेंग तोंडाशी नेता नेता थांबला. "आमचं काय चुकलं काय गो, ताय?"

परत तेच. घरात झोपलो. गाडीत भावाच्या मुली झोपल्या. सकाळी तर आख्खी आळी गाडी बघायला आली आणि बघून झाल्यावर एकेका बाईने आतला संडास वापरून बघितला. उद्घाटनच ते. एकीने तर घरी जाऊन सासूला आणलं. संडासाची टाकी लहान असते आणि ती कुठे रिकामी करायची हे घरून निघण्याआधी ठरवायचं असतं, हे आम्हाला ती भरल्यावर समजलं. पुढचं ह्यांनी आणि भावाने रानात खड्डा खणून निभावलं. दोघं परत आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते.

भावाने वालाचं पोतं आणि पुन्हा नारळ दिले. गाडी मागून बसायला लागली होती. आणि तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. कोलाडहून ह्यांची मामेबहीण. "खांबला आलाव न् आमच्याकडं नाय येनार? जेवान टाकलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कोलाडच्या पुढे इंदापूरला मावससासरे, त्यापुढे माणगावला ह्यांचा जुना मित्र, महाडला भावजयीचं माहेर. गोव्यापर्यंत एकही गाव असं नव्हतं जिथे आम्हाला गाडीत झोपू देतील.

"गाडी वळवा," मी म्हणाले. "जिथं आपलं कोणी नाही, तिथं चला."

असं ठिकाण ह्यांना बरोबर आठवलं. पेणच्या खाडीकडे, मिठागरांच्या बाजूला. आम्ही आतले भातशेतीवाले, आमची सोयरीक खाडीकडे कधी झालीच नाही. ओळख नाही, पाळख नाही, आत्या नाही. म्हणजे गोव्याला निघालेलो आम्ही घरापासून रिक्षाच्या अंतरावर सफर करायला आलो. पण जागा काय सुंदर! लांबवर मिठाचे चौकोन, बगळे, समोर खाडी. ह्यांनी बांधावरून गाडी खाली खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येतं त्या खाऱ्या जमिनीवर, घेतली. वरून जमीन वाळून टणक दिसत होती. मी खाली उतरून "या, या, या" म्हणत होते, आणि गाडी थांबली, आणि मग थांबल्यावरही खाली जातच राहिली.

मागची चाकं चिखलात रुतली. टाकीतलं पेणचं पाणी, निडीचा तांदूळ, खांबचे वाल, सगळ्यांचे नारळ आणि आत्याचं जातं, सगळं मिळून बसलं खाली. मिठागरावरची माणसं जमली. एकाने पुढून ढकला म्हटलं, दुसऱ्याने मागून. एक बाई पदराने तोंड झाकून हसत होती. शेवटी हसू आवरून म्हणाली, "अगो बाय, हिथं आमी म्हशीला पन जाऊ देत नाय." जेसीबी बोलवायचं ठरलं, पण तो सकाळीच येणार होता.

मी गाडीत गेले. फरशी उतरती झाली होती, नाक खाडीकडे वर आणि माझा ओटा मागे खाली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की आज आम्हाला इथून कोणीच हलवू शकत नाही. आत्या नाही, भाऊ नाही. मला एवढा आनंद झाला की मी त्या उतरत्या फरशीवर एकटीच हसले.

बाहेर हे फोनवर बोलत होते. "अरे दादा, काय सांगू, रुतली रे..." म्हणजे तीच चूक पुन्हा.

सूर्य खाडीवर टेकायला आला होता तेव्हा बांधावर रिक्षा थांबली. पुढे दीर, मागे जाऊबाई. जाऊबाईंच्या हातात दुधाची पिशवी. घरासाठी येता येता बाजारातून घेतली असणार. दीर ह्यांच्याबरोबर चाकं बघायला गेले. जाऊबाई साडी सावरत थेट माझ्याकडे आल्या.

"चल घरी. भात टाकून आलेय. रातचं काय चिखलात झोपतेस?"

"मी नाही येत, जाऊबाई."

"म्हंजे?"

"माझं घर आहे इथं," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं, आणि म्हटलं तर कुठे, चिखलात रुतलेल्या बसच्या दारात.

जाऊबाई बघत राहिल्या. आत गुलाबी कपाटं, कड्यांना बांधलेल्या नाड्या, कोपऱ्यात जातं, ओट्यावर उजवीकडे मिठाची बरणी. बरणीवर त्यांची नजर थोडा वेळ थांबली. मग त्यांनी पायरीशी चपला काढल्या. पूजेच्या दिवशी त्या पायरीच्या आत आल्याच नव्हत्या. आत येऊन, दाराच्या कडेला धरून त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली.

"घे. चहा तरी कर."

मी पातेल्यात दूध ओतलं, गॅस लावला. तिरक्या ओट्यावर पातेलंही तिरकं. दूध एका बाजूला काठाशी, दुसऱ्या बाजूला तळाशी. मी कप काढायला वळले तेवढ्यात सूं करून आवाज आला आणि उकळायच्या आतच एका काठावरून दूध वर आलं. मी गॅसकडे झेपावले.

जाऊबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊंदे गो. जाऊंदे उतू."

दूध काठावरून सांडलं, शेगडीवर पसरलं, ओट्यावरून ओघळत मागच्या खिडकीकडे गेलं. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत. जाऊबाईंनी वाकून पुढच्या काचेतून खाडीवर बुडणारा सूर्य पाहिला, मग उलट दिशेने निघालेलं दूध पाहिलं.

"पूर्वेला गेलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

मग गॅस बंद करून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सवयीने खिळा शोधत असाव्यात. खिळा नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या.

"फडकं कुठं ठेवतेस गो तू?"

मी दाखवलं.